गेगेनांची अक्का

माझ्या सासूबाईंचं नाव सेवजिद. पण आमच्या खोऱ्यात पांढऱ्या केसांचे म्हातारेसुद्धा त्यांना अक्का म्हणायचे. आमच्या मठाचे गेगेन, म्हणजे अवतारी लामा, हे त्यांचे पाठचे भाऊ. गेगेन नुसते पूजेपुरते नव्हते. मठाला स्वतःचा शिक्का होता. आम्ही शाबी, म्हणजे मठाची माणसं. आमचे तंटे मठात तुटत, शिक्षा मठात ठरत, कुरणं मठ वाटून देई आणि वेठीलाही मठच बोलावी. दूर राजधानीत, खुरेला, बोग्द होते. ते अख्ख्या मंगोलियाचे देव आणि पुढे राजेही. पण खुरेची वाट लांबची. आमचा देव आणि आमचा राजा खोऱ्याच्या तोंडाशी पिवळ्या छपराखाली राहायचा. ती गादी सासूबाईंच्या भावाला मिळाली तेव्हा त्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं.

घरी त्याला योंदोन म्हणत. आई दूध काढायला बसायची, म्हणून तेरा वर्षांची सेवजिद त्याला पाठीला बांधून कोकरांमागे हिंडायची. आधीचे गेगेन वारून काही वर्षं झाली होती आणि ते पुन्हा कुठे जन्मले याचा शोध चालू होता. एका वसंतात चार लामा घोड्यांवरून त्यांच्याकडे आले. चहा झाला. मग त्यांनी चटईवर जपमाळा, वाट्या आणि घंटा मांडल्या. काही आधीच्या गेगेनांच्या, काही बाजारातल्या. पोरानं एक घंटा उचलली आणि तो थेट बाहेर पळाला. एका पोरक्या कोकराच्या गळ्यात त्याला ती बांधायची होती. लामांनी मात्र पळणाऱ्या पोराच्या दिशेनं जमिनीवर अंग टाकलं. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा तर हुंदके देऊन रडत होता.

आईनं विचारलं, "म्हणजे आता हा आमचा नाही?"

"आता तो सगळ्यांचा, बाई."

त्याला न्यायला आले त्या दिवशी सेवजिद त्या म्हाताऱ्या लामाच्या घोड्याचा लगाम धरून उभी राहिली. "आजोबा, त्याला रात्री एकदा उठवावं लागतं. नाहीतर अंथरूण ओलं होतं."

म्हाताऱ्यानं अगदी गंभीरपणे मान हलवली. "उठवू, पोरी. मी स्वतः उठवीन."

आणि तो उठवत असे, हे मामेसासऱ्यांनी मला पुढे स्वतः सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात घरचे सगळे दर्शनाला गेले. उंच गादीवर पिवळ्या रेशमात बसलेलं पोर बहिणीला बघताच खाली उतरायला लागलं. बाजूच्या लामानं त्याला हळूच धरून परत बसवलं. "अक्का, माझं कोकरू?" एवढंच तो म्हणाला. "मोठं झालं," सेवजिद म्हणाली आणि तिनं त्याच्या पायाशी डोकं टेकलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो गादीवरून हलला नाही. काठीला बांधलेली रेशमी फीत त्यानं तिच्या डोक्याला लावली, तशीच तिच्या मागच्या बाईच्याही. "तेव्हा मला कळलं, तो शिकला," सासूबाई सांगायच्या.

त्यांचं लग्न मिजिदशी झालं. माझे सासरे मी पाहिलेले नाहीत. माणूस हसतमुख, गाणारा, पण मठाचं नाव निघालं की आवाज खाली आणणारा. त्यांच्या घराचा हिवाळी तळ बुलागतायच्या खोऱ्यात होता. तिथे झरे होते, उत्तरेकडून डोंगराची आडोशाची भिंत होती आणि दिवसभर ऊन. मिजिदच्या आजोबांनी तिथे दगड रचून मेंढ्यांसाठी वाडगं बांधलं होतं. तो तळ असेल तर कसल्याही हिवाळ्यात निम्मा कळप तरी वाचायचा.

गेगेन सतरा वर्षांचे झाले. मठाचा सगळा व्याप चुल्तेम नावाचे कारभारी लामा बघत. काटकुळा, उन्हानं रापलेला माणूस. स्वतःसाठी त्यांनी कधी चांगली टोपीसुद्धा घेतली नाही, सगळं मठासाठी. त्या वर्षांत कधी चिनी फौजा येत, कधी रशियन पळपुटे घोडे लुटून नेत. अशा दिवसांत मठ उभा राहिला तो चुल्तेम लामांमुळे, हे सासूबाईही मानायच्या. तर या चुल्तेम लामांनी शरद सुरू होण्याआधी निरोप धाडला: गेगेनांना स्वप्न पडलं, बुलागतायचा क्षेत्रपाल नाराज आहे, यापुढे तिथे संसारी माणसांची जनावरं चरणार नाहीत, फक्त मठाचे घोडे राहतील.

मिजिदनं निरोप ऐकला, हात जोडले आणि गेर, म्हणजे नमद्याचा राहता तंबू, उतरवायची तयारी सुरू केली. नमद्याच्या दोऱ्या सोडायला घेतल्या तर बायको घोड्यावर खोगीर चढवतेय.

"कुठे निघालीस?"

"मठात. विचारायला."

"काय विचारणार?"

"त्याला खरंच ते स्वप्न पडलं का."

मिजिद दोरी टाकून धावत आला. "तुझ्या जिभेला काही हाड? देवाला असं विचारतात?"

"देवाला कुठे विचारतेय? आमच्या योंदोनला विचारतेय. चार वर्षं माझ्या कुशीत झोपलाय तो. झोपेत फक्त कोकरांना हाका मारायचा. डोंगरांशी कधी बोलला नाही."

"अगं, ते लहानपणी! आता ते गेगेन आहेत."

"मग गेगेनांनी सांगावं. मी निमूट उठेन तिथून."

"मी येत नाही हं," मिजिद म्हणाला आणि थोड्या वेळानं मागोमाग आलाच, पण फाटकाबाहेर घोडे धरून थांबला.

आत दर्शनाची रांग होती. हातात निळे रेशमी खादग, म्हणजे मानाचे शेले, धरून माणसं एकेक पाऊल सरकत होती. सासूबाईंची पाळी आली. त्यांनी खादग वाहिला, डोकं टेकलं आणि मग उठून बाजूला व्हायचं, तर त्या झाल्याच नाहीत.

"गेगेन, बुलागतायबद्दल आपल्याला स्वप्न पडलं असं आम्हाला सांगितलं. ते आपल्याला पडलं का?"

चुल्तेम लामा पुढे झाले. "सेवजिद, बाजूला हो. रांग खोळंबलीय."

गेगेनांनी हात वर केला, तसे ते थांबले. सतरा वर्षांचं पोर, गालावर नुकती लव. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि पाऊस पडला की नाही हे सांगावं तितक्या साधेपणानं म्हणाला, "मला माझी स्वप्नं आठवत नाहीत. सकाळी कारभारी लामा येतात. रात्री मी काय पाहिलं, ते तेच मला सांगतात."

मागच्या म्हातारीची जपमाळ थांबली. कुणीतरी खाकरलं. सासूबाई म्हणायच्या, "त्या क्षणी मला वाटलं, झालं. आता सगळं छप्पर खाली येणार."

पण चुल्तेम लामांनी हात जोडले. त्यांचा आवाज भरून आला होता आणि ते सोंग नव्हतं, असं सासूबाईंचं मत. "ऐकलंत? ज्याच्यात 'मी' आणि 'माझं' उरलंच नाही, त्याला स्वतःचं स्वप्न तरी कुठून आठवणार!"

सगळी रांग गलबलली. एकामागून एक माथी जमिनीला लागली. उभ्या राहिल्या त्या एकट्या सासूबाई. मग मागच्या म्हातारीनं त्यांच्या अंगरख्याचं टोक ओढलं आणि त्याही वाकल्या. "माझा भाऊ खरं बोलला," त्या मला सांगायच्या, "आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या खऱ्याची मान मुरगाळली. त्यानं पाहिलं ते. त्याचा चेहरा मी पाहिला."

दरबाराचा मान राखला नाही म्हणून त्यांना शिक्षा झाली: पहिला बर्फ पडेपर्यंत मठाभोवती लोटांगणं घालायची. फटके नाहीत यात मिजिदला मोठी दया दिसली. सासूबाईंनी लोटांगणं घातली. गुडघे सोलवटले, कोपरं सुजली. मी विचारलं, "राग नाही आला?" तर म्हणाल्या, "लोटांगणं कधीतरी घालायचीच असतात ना? ती घातली. पुण्य माझं, खर्च मठाचा. रोज दुपारी सूप पण देत होते."

हिवाळा मात्र वाईट गेला. त्यांना मिळालेली घळ वाऱ्याच्या तोंडाशी होती. बर्फावर पुन्हा बर्फ गोठला, मेंढ्यांचे खूर गवतापर्यंत पोचेनात. वसंतापर्यंत कळपाचा तिसरा हिस्सा उरला. मिजिदनं त्या वर्षी एकही गाणं म्हटलं नाही. शेजाऱ्यांनी आपापल्या कळपातून एकेक शेळी आणून दिली, म्हणून पोरांना दूध मिळालं.

एक गोष्ट मात्र खोऱ्यात सगळ्यांच्या लक्षात आली. त्यानंतर मठातून बरेच हुकूम आले, पण स्वप्नाचा हुकूम आला नाही.

मग दिवस पालटले. खुरेला बोग्द वारले आणि नव्या सरकारनं सांगितलं, आता पुन्हा अवतार शोधायचे नाहीत. शाबी ही जातच रद्द झाली. मठाचा शिक्का गेला. चुल्तेम लामा एका सकाळी दोन उंट घेऊन दक्षिणेकडे गेले ते पुन्हा दिसले नाहीत. आमच्या खोऱ्यात सभा भरली. टोपी घातलेला एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, "जनतेनं ठरवलंय, मठाची कुरणं वाटून टाकायची."

सासूबाई पुढच्याच ओळीत होत्या. "बाळ, जनता कधी बोलली?"

"म्हणजे?"

"नाही, मला कुणी विचारलं नाही, म्हणून म्हटलं. मी जनतेत येत नाही का?"

"येता की, अक्का. तुम्ही नाही तर कोण?"

"मग मला झोपेत विचारलं असेल."

सगळी सभा खिदळली. तो पोरगाही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. बुलागताय त्यांना परत मिळालं, हेही सांगायला हवं. त्यासाठी सासूबाई त्या पोराला शेवटपर्यंत दुवा देत. फक्त तो बोलताना 'जनता' म्हणाला की त्यांच्या भुवया वर जात.

नंतर लामांवर कर बसले, मग तरुण लामांना वस्त्रं उतरवायला लावली, मठातले घोडे आणि मेंढ्या नेल्या. एका शरदात दुपारी सासूबाई आरूल, म्हणजे दह्याच्या वड्या, वाळत घालत होत्या. खोऱ्याच्या तोंडाकडून एक माणूस चालत आला. चालत! आमच्यात कुणी चालत येत नाही. अंगावर कुणाचातरी आखूड झालेला देल, म्हणजे लांब अंगरखा, डोकं भादरलेलं, खांद्यावर एक पडशी. तो दाराशी येऊन नुसता उभा राहिला, कारण आजवर दार त्याला नेहमी दुसऱ्या कुणीतरी उघडून दिलं होतं.

सासूबाई सांगायच्या, त्यांची पहिली पंचाईत ही झाली की हाक काय मारायची. बावीस वर्षं त्यांनी भावाला नावानं हाक मारली नव्हती. गेगेन म्हणावं तर ते आता म्हणायचं नाही. योंदोन म्हणावं तर जीभ रेटेना.

"आत ये, बाबा," त्या शेवटी म्हणाल्या.

त्यांनी चहाची वाटी पुढे ठेवली. तो वाटीकडे बघत बसला.

"घे ना. गार होतोय."

"आधी कुणी चाखत नाही?"

"इथे? इथे विष घालायला परवडतं कुणाला!"

तो हसला. सासूबाईंच्या मते ते लहानपणचंच हसू होतं, समोरचा एक दात तसाच वाकडा. मिजिद मात्र गेरच्या कडेला गुडघ्यांवर बसून होता, मान वर करेना. त्याला सरळ बसायला लावायला दोन महिने गेले.

मामा, म्हणजे माझे मामेसासरे, यांना काहीच येत नव्हतं. धर्मग्रंथ तोंडपाठ, पण चूल पेटवता येईना. घोड्यावर बसत, पण घोडा म्हणेल तिकडे जात. सासूबाईंनी त्यांना आधी रानशेणी वेचायला शिकवलं. पाठीवर टोपली, हातात पंजा. शेणी उचलून मागे न बघता टोपलीत टाकायची. ते टाकत ती नेमकी बाहेर पडे.

"अरे, निम्मं खोरं सारवलंस तू! टोपली पाठीवर आहे, शेजाऱ्याच्या घरात नाही."

"अक्का, मला तिकडे डोळे नाहीत."

"इतकी वर्षं सगळे म्हणत होते तुला दाही दिशा दिसतात!"

दूध काढायला मात्र ते पटकन शिकले. हात मऊ होते, गाई त्यांच्याकडे शांत उभ्या राहत.

लोक येतच. काहीतरी निमित्त काढून यायचे, खोगीर मागायला, हरवलेल्या घोडीची चौकशी करायला, आणि निघताना खाली पडलेलं काही उचलावं तसे वाकून त्यांच्या अंगरख्याला कपाळ लावायचे. कुणी हळूच विचारी, तळ कोणत्या दिशेला हलवू? मामा म्हणायचे, "अक्काला विचार. वारा तिला कळतो."

असंच एकदा दूध काढताना त्यांनी बहिणीला ते सांगितलं. त्या दर्शनानंतर ते पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बसू लागले. चुल्तेम लामा आत पाऊल टाकतात तोच म्हणायचे, "आज रात्री काही पाहिलं नाही." पहिल्या दिवशी कारभारी नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गेगेन, मठ चालवायचा असतो." यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. थंडीत, आजारपणात, रोज. गादीवर असताना आपण आपल्या मनानं केलेली गोष्ट तेवढी एकच, असं ते म्हणाले.

"मग त्या हिवाळ्यात बुलागताय का नाही परत दिलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"शिक्का त्यांच्या पेटीत असायचा, अक्का. मी मागितला होता. ते म्हणाले, गेगेनांनी धातूला हात लावू नये."

 सासूबाईंनी स्वतःची भरलेली बादली त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "ही उचल. लोखंडाची आहे."

ज्या साली सगळीकडे लामांना धरून नेत होते, त्या साली त्यांनाही नेलं. ट्रक आला, दोन माणसं उतरली, त्यांनी नाव विचारलं, मामांनी सांगितलं. सासूबाईंनी लोकरीचे मोजे आणि आरूलची पिशवी दिली. ती त्या माणसांनी घेऊ दिली. अनेकांचं पुढे काही कळलंच नाही. मामांना का जगू दिलं, हे त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित वस्त्रं आधीच उतरवली होती म्हणून असेल.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मिजिद वारले होते आणि मामा तुरुंगात होते. घरात त्यांचं नाव निघत नसे. पण दर शरदात सासूबाई एक जोडी मोजे विणायच्या आणि पेटीत टाकायच्या. ते कुणाचे, हे विचारायचं नसतं एवढं मला कळत होतं.

माझा मोठा मुलगा रांगायला लागला होता. बाहेरून आवाज आला, "कुत्रा धरा हो!" पाहुणा आला की आमच्याकडे अशीच हाक देतात. आवाज घोगरा होता, मला ओळखू येण्यासारखा नव्हता. सासूबाई पीठ मळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी बाहेर गेल्या.

"योंदोन," त्या म्हणाल्या. या वेळी जीभ अडली नाही.

मामा थकलेले होते, दोन बोटं गारठ्यानं गेलेली. घरात येताना त्यांनी स्वतः दार उघडलं, स्वतः वाटी घेतली, चूल विझत आलेली बघून दोन शेणी सारल्या. सासूबाईंनी पेटी उघडून मोजे काढले आणि त्यांच्या मांडीवर ढीग घातला.

"एवढे कशाला?"

"घाल एकावर एक."

मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं गाईंमागे काढली. एकदा धीर करून विचारलं, "मामा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तुम्ही खरंच ते होता?"

ते वासराची दोरी सोडत होते. "मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." वासरू मोकळं करून म्हणाले, "माणसं रडत यायची आणि जाताना हलकी होऊन जायची. ते खोटं नव्हतं, पोरी. ते कुणामुळे व्हायचं, मला माहीत नाही. पण त्याच माणसांना फटके मारायचे हुकूमही माझ्याच नावानं निघायचे. ज्याच्या पाया पडायचं त्याच्याशी भांडता येत नाही. अक्का तेवढी भांडली."

"आता तर रोज भांडतात."

"हो ना," ते म्हणाले, आणि त्यांना ते फार आवडत असावं असं मला दिसलं.

सासूबाई गेल्या त्या एका वसंतात. कोकरांचे दिवस होते, त्या छातीत कळ येऊन बुलागतायच्या वाडग्यापाशी बसल्या आणि उठल्या नाहीत. त्या काळी घरात मंत्र म्हणायला बंदी होती. मामांनी हात धुतले, बहिणीच्या उशाशी बसले आणि म्हणायला लागले. तोवर मी त्यांच्या तोंडून एक ओळ ऐकली नव्हती. तो आवाज वेगळाच होता, खोल आणि सपाट. माझ्या नवऱ्यानं मला खूण केली, दार लाव. पण मामा म्हणाले, "राहू दे उघडं. तिला वारा लागू दे."

दुसऱ्या दिवशी सामुदायिक कळपाचे, म्हणजे सगळ्यांची जनावरं एकत्र करून सरकारनं केलेल्या कळपाचे, प्रमुख घोड्यावरून आले. तेच ते, सभेत लाल झालेले कार्यकर्ते, आता टक्कल पडलेले. मामा अजून मंत्र म्हणतच होते, ते त्यांनी बाहेरूनच ऐकलं. मी चहा घेऊन बाहेर गेले. त्यांनी टोपी काढली, उभ्यानंच चहा प्यायला.

"आत कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं.

"मामा. बहिणीशी," मी म्हणाले.

"बोलू देत," ते म्हणाले. "अक्का मला कधी बोलू देत नव्हत्या."

ते आत आले नाहीत आणि त्यांनी कुणाला काही कळवलंही नाही.

मामा पुढे चार वर्षं जगले. वासरांचं काम त्यांच्याकडे होतं. रागावले तरी ते वासरांवर ओरडत नसत, म्हणून आमची वासरं जरा आगाऊच झाली होती.